ल्यूरला डोळे बसवणं आणि ते टिकवणं: माझा अनुभव

घरी बनवलेल्या ल्यूरचा, म्हणजे गळाला लावायच्या लाकडी नकली माशाचा, डोळा सुटला की पहिला राग गोंदावर निघतो. माझाही तिथेच निघत होता. मग एकदा सुटलेला डोळा फेकून न देता भिंगाखाली धरला. मागच्या बाजूला गोंद जसाच्या तसा होता आणि त्या गोंदाला चिकटून रंगाचा आणि प्रायमरचा अख्खा पापुद्रा आला होता. ल्यूरवर डोळ्याच्या जागी उघडं लाकूड, तेही काळपट पडलेलं. म्हणजे गोंदाने डोळा धरून ठेवला होता. रंगानेच लाकूड सोडलं होतं, कारण खाली पाणी पोचलं होतं.

पाणी शिरतं ते डोळ्याच्या कडेने. बाकी अंगावर लेप सलग असतो, पण कडेला लाकूड, रंग आणि प्लास्टिक एकत्र येतात आणि नेमका तिथेच लेप ताणला जाऊन पातळ होतो. त्यात लाकूड भिजलं की फुगतं, वाळलं की आकसतं, आणि प्लास्टिकचा डोळा त्याच्याबरोबर हलत नाही. केसाएवढी चीर पडायला तेवढं पुरतं. म्हणून आता माझं डोळ्याचं काम रंगाच्या कितीतरी आधी, लाकूड चौकोनी ठोकळा असतानाच सुरू होतं.

ठोकळ्याच्या दोन्ही बाजू समांतर असतात तोवरच डोळ्याच्या जागी 1 मिमीचं भोक आरपार पाडून घेतो. ड्रिल स्टँडवर असेल तर उत्तम, हातात असेल तर दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं. नंतर डोकं कितीही तासलं, घासलं तरी दोन्ही डोळ्यांचे मध्यबिंदू समोरासमोर राहतात. तयार, गोलाई आलेल्या डोक्यावर पट्टीने मापून खुणा केल्या तर समोरून बघताना एक डोळा कपाळावर आणि एक गालावर, असा प्रकार होतो. माशाला त्याचं काही वाटत नसेल, पण मला ते बघवत नाही.

आता खळगा. ल्यूरच्या बाजू सपाट असतील तर खळगा नसला तरी चालतो. गोल डोक्यावर मात्र हवाच, कारण सपाट पाठीचा डोळा फुगीर जागेवर फक्त मध्यभागी टेकतो आणि कडा अधांतरी राहतात. कठीण लाकडात मी सपाट तळ पाडणारं फोर्स्टनर बिट वापरतो. त्याचं मधलं टोक त्या 1 मिमीच्या भोकात बसतं, त्यामुळे बिट घसरत नाही. मशीन न लावता बिट बोटांनीच फिरवतो, खोली हातात राहते. साधारण दीड मिमी पुरे. डोळ्याची कड अंगाच्या पातळीला आणि वरचा घुमट थोडा बाहेर, असं बसलं पाहिजे.

बाल्सासारख्या मऊ लाकडात बिट तंतू उपटतं आणि खळग्याचा काठ कुरतडल्यासारखा होतो. तिथे पितळेच्या पातळ नळीचं टोक आतून घासून धारदार केलं आणि हाताने दाबून फिरवलं की स्वच्छ गोल कापला जातो. आतलं लाकूड मग टोकदार पात्याने सोलून काढायचं.

मापाबद्दल एक गोष्ट. डोळा 6 मिमीचा असेल तर खळगा साडेसहा मिमीचा हवा. सीलर, प्रायमर आणि रंगाचे थर आत बसले की खळगा आवळतो. मग शेवटी डोळा जबरदस्तीने दाबावा लागतो आणि काठावरचा रंग तडकतो.

खळगा झाला की आरपार भोक बुजवायचं. हे मुद्दाम सांगतो, कारण याचं महत्त्व कळायला वेळ लागतो. भोक उघडं ठेवलं तर दोन्ही खळगे आतून जोडलेले राहतात. एका बाजूचा डोळा गोंद लावून बसवला, ल्यूर उलटी केली, दुसरा डोळा दाबला की आतली हवा पलीकडे सरकते आणि पहिला डोळा हलकेच वर उचलला जातो. मी हे डोळ्यांदेखत होताना पाहिलंय. टूथपिकचा तुकडा गोंदात बुडवून भोकात ठोकला आणि वरून कापला की प्रश्न मिटला.

यानंतर संपूर्ण लाकूड सील करायचं, खळग्याच्या तळासकट. मी पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळले की घट्ट होणारं रेझिन) ब्रशने लावून मुरवतो. खळग्यातला जास्तीचा थेंब कापसाच्या काडीने टिपून घ्यायचा, नाहीतर तळ वाटीसारखा होतो आणि डोळा डुगडुगतो. हा थर दिसत नाही, त्याचं कौतुक कोणी करत नाही, पण पुढे वरची कड फुटली तरी लाकडापर्यंत पाणी जाऊ न देणारा हाच. मग हलका सँडपेपर, प्रायमर आणि रंग.

डोळे कुठले घ्यावेत? चपटे छापील स्टिकर, घुमटाचे थ्रीडी डोळे, तारेवरचे काचेचे डोळे आणि खिळ्याचं डोकं रंगात बुडवून उमटवलेले ठिपके, असे सगळे प्रकार मी वापरून पाहिले. रंगाचा ठिपका सर्वांत टिकाऊ आहे हे कबूल करायला हवं. त्याला ना कड, ना गोंद. छोट्या ल्यूरवर मी अजूनही तोच देतो. काचेचे डोळे सुंदर, पण जड, आणि हलक्या बाल्साच्या ल्यूरवर डोक्याचं वजन वाढलं की तिची चाल बदलते. घुमटाचे थ्रीडी डोळे माझ्या दृष्टीने मधला मार्ग. बुबुळ सोनेरी किंवा लाल, बाहुली मोठी काळी. माशांच्या पिल्लांचे डोळे अंगाच्या मानाने मोठे असतात, म्हणून छोट्या ल्यूरवर मी डोळा जरा मोठाच घेतो. डोळे नसलेल्या ल्यूरलाही मासे लागतात हे मला माहीत आहे, त्यावर वाद घालायचा नाही. पण शिकारी मासे बरेचदा भक्ष्य डोक्याकडून गिळतात, आणि डोकं कुठे आहे ते सांगणारी सर्वांत ठळक खूण म्हणजे डोळा.

कागदी पाठीच्या स्टिकरपासून जपून. कड बंद न करता वरून इपॉक्सी ओतलं की कागद ते पिऊन घेतो आणि चंदेरी बुबुळावर तेलकट डाग पसरत जातो. घरी इंकजेटवर छापलेल्या डोळ्यांची शाई तर ब्रश फिरवतानाच पसरू शकते. लेसर प्रिंट बरी.

चिकटवण्यात माझा सर्वांत जास्त वेळ गेला. स्टिकरचा स्वतःचा गोंद म्हणजे फक्त जागेवर धरून ठेवण्यापुरता. तो कितीही घट्ट वाटला तरी त्याच्या भरवशावर ल्यूर पाण्यात टाकू नये. मी तो रबरी थर शक्य असेल तिथे सोलूनच काढतो.

सुपरग्लू पटकन धरतो, पण त्याच्या दोन खोडी आहेत. एक, तो कडक आणि ठिसूळ होतो, आणि ल्यूर दगडावर आपटणार हे ठरलेलंच. दुसरी खोड जास्त चीड आणणारी: त्याची वाफ आजूबाजूला बसून पांढरी भुकटी तयार होते. चकचकीत घुमटावर सकाळी धुकं धरलेलं दिसतं. वापरायचाच तर घट्ट जेलचा मोहरीएवढा थेंब, आणि पंख्याची हलकी हवा.

यूव्ही रेझिनचा, म्हणजे अतिनील प्रकाशात कडक होणाऱ्या रेझिनचा, मोह मलाही झाला. लावा, यूव्ही टॉर्च मारा, काही सेकंदांत दगड. पण डोळ्याच्या पाठीला चंदेरी पत्रा असतो आणि त्यातून प्रकाश आरपार जात नाही. कडेने जेवढा पोचतो तेवढंच रेझिन कडक होतं, मधलं खाली ओलंच राहतं. वरून सगळं पक्कं वाटतं, नखाने कड उचकटली की आत चिकट द्रव. म्हणून यूव्ही रेझिन डोळ्याच्या वर आणि कडेला, खाली कधीच नाही.

खाली मी दोन भागांचं साधं इपॉक्सी घालतो, सावकाश घट्ट होणारं. पाच मिनिटांचं चालतं, पण ते लवकर पिवळट पडतं आणि घाई करायला लावतं. दोन्ही भाग नीट मोजून, कपाच्या कडा खरवडत मिसळायचं. अंदाजे पिळलेलं इपॉक्सी कुठेतरी चिकट राहतंच. खळगा आणि डोळ्याची पाठ आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायची, कारण बोटाचं तेल लागलेल्या जागेवर लेप धरत नाही, मागे सरकतो.

डोळा बोटाने धरायचाच नाही. टूथपिकच्या टोकावर मेणाची बारीक गोळी लावली की घुमट तिला अलगद चिकटतो. खळग्याच्या मधोमध इपॉक्सीचा एक थेंब, त्यावर डोळा टेकवायचा आणि दाबताना जरासा फिरवायचा. इपॉक्सी मधून बाहेर सरकतं, हवेला पुढे ढकलत नेतं, आणि कडेभोवती सगळीकडे एक पारदर्शक ओळ उमटते. ती ओळ गोल पूर्ण झालेली दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी तुटलेली असेल तर तिथे हवा अडकली आहे. अशा वेळी डोळा सरळ उचलून पुन्हा बसवायचा, वरून थेंब ओतून भागवायचं नाही. आत राहिलेली हवा नंतर ऊब लागली की फुगते आणि वरच्या लेपातून बुडबुडा होऊन बाहेर येते. तिथे जे खड्ड्याएवढं छिद्र राहतं, तोच पुढे पाण्याचा दरवाजा. बाहेर आलेलं जास्तीचं इपॉक्सी अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या काडीने पुसायचं, पण कडेची ओळ राहू द्यायची. दुसरी बाजू पहिली पूर्ण बसल्यावरच.

वरचा लेप मी दोनदा देतो. पहिल्यांदा फक्त डोळ्याभोवती. बारीक ब्रशने कडेच्या खाचेत इपॉक्सी किंवा यूव्ही रेझिन भरायचं, इतकंच की घुमटापासून अंगापर्यंत उतार सलग व्हावा. पायरी राहिली की पुढचा लेप त्या पायरीवरून निसटतो आणि काठ उघडा पडतो. यूव्ही रेझिन वापरलं तर वर थोडा चिकट थर राहतो. हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरचा पापुद्रा पूर्ण बसत नाही. तोही अल्कोहोलने पुसून टाकायचा.

मग संपूर्ण अंगावर इपॉक्सीचा लेप, आणि ल्यूर फिरत्या दांड्यावर. मायक्रोवेव्हची थाळी फिरवणाऱ्या मोटरीसारखी, मिनिटाला पाच-सहा फेरे घेणारी छोटी मोटर याला अगदी बरोबर. मोटर सुटी विकत घ्यावी, जुना मायक्रोवेव्ह उघडायच्या भानगडीत पडू नये. त्याच्या आतला कपॅसिटर बंद असतानाही जीवघेणा झटका देऊ शकतो. फिरवलं नाही तर लेप खालच्या बाजूला ओघळतो आणि वरचा डोळा कोरडा राहतो. पहिल्या काही मिनिटांत बुडबुडे वर आले की हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून, क्षणभर. ऊब लागून रेझिन पातळ होतं आणि बुडबुडे फुटतात. जास्त वेळ धरलं तर लाकडातली हवा तापून उलट नवे बुडबुडे निघतात. म्हणून लेप देण्याचं काम मी खोली तापत जाण्याच्या वेळेला करत नाही, तापमान उतरत असताना करतो. लाकूड गार होताना हवा आत ओढतं, बाहेर टाकत नाही.

पीयू (पॉलियुरेथेन) किंवा दुसरा कुठलाही थिनरवाला लेप आवडत असेल तर आधी एक जादा डोळा घेऊन त्यावर थेंब टाकून रात्रभर ठेवावा. काही डोळ्यांची छपाई विरघळते, काहींचा घुमट मऊ पडून सुरकुततो. नखांचं पारदर्शक पॉलिशही याच जातीचं. आधी इपॉक्सीने डोळा बंद करून घेतला असेल तर धोका बराच कमी होतो.

हातमोज्यांचा कंटाळा करू नका, आणि ते नायट्राइलचे असू द्या. इपॉक्सीची ॲलर्जी वारंवार स्पर्श होऊन जडते आणि एकदा जडली की जन्मभर राहू शकते. यूव्ही टॉर्चकडे थेट बघायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

लेप बसला की चोवीस तास ल्यूरला हात लावत नाही, आणि गळ अडकवायला आणखी काही दिवस थांबतो. दोरी बांधायच्या कडीत इपॉक्सी भरलेलं असतं. ते बारीक बिट बोटांनी फिरवून काढायचं, पक्कडीने नाही, कारण पक्कडीने कडी हलली की तिच्या बुडाशी तसंच भेग पडण्याचं काम सुरू होतं.

मग ल्यूर वजन बांधून रात्रभर पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवतो. सकाळी पुसून भिंगाने कड बघायची. पांढरी रेघ किंवा रंगाला उठाव दिसला तर आत पाणी आहे. अशी ल्यूर पूर्ण वाळवायची, कडेपुरता लेप सँडपेपरने चमक जाईपर्यंत घासायचा, अल्कोहोलने पुसायचा आणि नवा थर भरायचा. ओल आत ठेवून वरून लेप दिला तर तो डोळा पुन्हा सुटणार, आणि या वेळी सोबत आजूबाजूचा रंगही नेणार. जुन्या ल्यूरही मी आता याच पद्धतीने दुरुस्त करतो. ज्यांचं लाकूड खळग्यात मऊ पडलंय त्यांचा डोळा काढून, खळगा खरवडून, पातळ इपॉक्सी मुरवून मग एक माप मोठा डोळा बसवतो.