साडीगार्ड

आज संध्याकाळी आईने, मी बाबांच्या जुन्या मोटरसायकलवरून काढलेलं साडीगार्ड पदराने पुसलं आणि परत भंगाराच्या ढिगावर ठेवलं. तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नाहीये. टाकायची वस्तू कुणी पुसतं का?

ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. भाजीची पिशवी खाली ठेवून, वाकून, नीट दोन्ही बाजूंनी पुसलं. मग पिशवी उचलून लिफ्टकडे गेली. मी हातात पाना धरून तसाच उभा.

गाडीची कॅफे रेसर, म्हणजे जुन्या लंडनच्या ढंगाची हलकी, वेगवान मोटरसायकल करायची तर आधी ते काढावंच लागतं. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफे होतं, पन्नास-साठच्या दशकांत तिथे जमणारी पोरं गाडीवरचं धावायला उपयोगी नसलेलं सगळं उतरवून ठेवायची. ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर गाठायचे, एवढाच ध्यास. हँडल थेट फोर्कच्या नळ्यांवर पकडलेलं, पायदाणं मागे, सीट एकट्याची आणि तिच्या शेपटाला उंचवटा. ट्रायम्फचं इंजिन नॉर्टनच्या फ्रेममध्ये बसवून ट्रायटन बनवायची. कॉलेजात असल्यापासून मी आमची येझदी रोडकिंग मनातल्या मनात अशीच बघत आलोय. त्या यादीत साडीगार्ड पहिलं जाणार हे उघडच होतं.

आणि खरं सांगायचं तर मला वाईटही वाटलं. ऑफिसातून आल्यावर रोज खाली जाऊन हात काळे करतोय. बुधवार-रविवार जुना बाजार पालथा घालतोय, नाना पेठेत एकेका सीलसाठी दहा दुकानं फिरतोय. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला, त्यामुळे मूळ भाग सापडला की खजिना सापडल्यासारखं होतं, आणि तो आनंद सांगायला घरात माणूस नाही. कुणी एकदा तरी म्हणावं, छान होतेय रे गाडी. दादाचा फोन आला होता, त्याबद्दल आज नको. सगळ्यांना त्या गाडीत बाबाच दिसतात. माझं काम कुणाला दिसत नाही.

जेवताना विचारलंच. म्हटलं, "तुला बसायला मागे जागा ठेवू का?"

"मला? गुडघे कुठे वळतात माझे? बस तूच."

"मग ते पुसलंस कशाला?"

आमटी वाढता वाढता म्हणाली, "ते कंपनीचं नाहीये."

मग तिने सांगितलं. जेजुरीला निघाले होते दोघं, ती आणि बाबा. दिवे घाट चढून झाला आणि सासवडच्या अलीकडे पदर मागच्या चाकात गेला. बाबांनी गाडी वेळेवर थांबवली म्हणून ती पडली नाही, पण साडी स्पोकमध्ये गुंडाळून फाटली. माहेरची होती. जेजुरी तशीच केली, पदर खोचून. दुसऱ्या दिवशी बाबांनी गाडी स्टँडवर लावली आणि तिला मागे एका बाजूला पाय सोडून बसवलं. नेहमीच्या साडीत, नेहमीसारखं. तिचे पाय कुठे येतात, निऱ्या कुठपर्यंत लोंबतात ते खडूने भिंतीवर आखून घेतलं. वाड्यातल्या बायका गॅलरीतून बघत होत्या, तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्या मापाच्या सळया वाकवून, वेल्डिंग करून आणल्या.

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या सळयांवर पाय ठेवून मी गाडीवर चढलो.

गाडी ८३ ची. मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून निदान अर्धं चाक झाकणारं काहीतरी हवं, असं केंद्राच्या १९८९ च्या नियमांत लिहिलंय. बाबांनी त्याच्या आधीच ते करून घेतलं होतं. म्हणजे या गाडीवरचं पहिलं कस्टम काम तेच. मागे एक माणूस बसतं हे धरून त्यांनी गाडी बदलली, आणि मी मागे कुणी नसेल हे धरून बदलतोय.

तरी पुसलं का, ते कळलं नाहीच. विचारलं असतं तर तिने सांगितलंही नसतं. बाबांबद्दल आम्ही दोघं बोलत नाही. आजसुद्धा साडीगार्डबद्दलच बोललो.

रात्री परत खाली गेलो, बराच वेळ गाडीजवळ बसलो. तसं पाहिलं तर रोडकिंगच अडवतेय मला. पायदाणं मागे न्यायची तर गिअरचा दांडा लिंकेजने, म्हणजे जोड-रॉडने, मागे जोडावा लागतो, आणि येझदीत तोच दांडा आत दाबून वर फिरवला की किक होते. लिंकेज जोडलं की तो वर फिरणार कसा? दर वेळी किक मारायला रॉड सोडवत बसायचं? माझे मेकॅनिक उस्ताद करून देतो म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पायदाणं जागेवरच राहू देत, हे मी मनातून केव्हाच मान्य केलंय. आणि पाय पुढेच राहणार असतील तर हँडलही फार खाली नेऊन चालणार नाही, कंबर धरेल. शिवाय गाडीची मूळ रचना बदलू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यावरचा २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. चॅसीला करवत लावायला मी तसाही कचरत होतो. आरसीवर आसनक्षमता दोन आहे. ती दोनच राहील.

लंडनच्या त्या पोरांना ही गाडी कॅफे रेसर वाटणार नाही. नको वाटू दे. रेषा साधली, टाकीपासून शेपटापर्यंत एक सरळ ओळ दिसली, तर मला पुरे आहे. आज हे लिहिताना पहिल्यांदाच असं वाटतंय, आणि त्याचा त्रास होत नाहीये.

सकाळी उस्तादांना फोन करायचा: मागची फ्रेम कापू नका. सीट पूर्ण लांबीची, पण पातळ फोमची. उंचवटा पत्र्याचा, दोन बोल्टवर बसणारा, हवा तेव्हा काढता येईल असा. डाव्या बाजूच्या जुन्या सळयांचा गंज काढून त्याच जागी परत, फक्त काळ्या पावडर कोटिंगमध्ये. टाकीचा रंग अजून ठरत नाही. मला बाबांचा मरून ठेवायचाय, दादा काळा म्हणतोय. सळया काळ्या होणार असतील तर त्याचंच बरोबर असेल. त्याला उद्या फोन करेन.