नवा का नाही घेतला?

‘सरकार नव्या यंत्राला अनुदान देतंय, मग या जुन्या पॉवर टिलरच्या मागे कशाला लागलात?’ बाजारात, लग्नाच्या मांडवात, सोसायटीत खताची पोती उचलताना, हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो. पॉवर टिलर म्हणजे मागून दोन मुठी धरून चालवायचं, नांगरणी-चिखलणीचं दोनचाकी यंत्र.

अनुदानाचं खरं आहे. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा, मंजुरी आली की ठरलेल्या मर्यादेत किमतीच्या ४० ते ५० टक्के रक्कम मिळते. बाकीचे पैसे हाताशी असतील आणि थांबायची तयारी असेल त्याने नवा जरूर घ्यावा. पण आमच्यासारख्या जमिनीला जे यंत्र लागतं, त्याची मूळ बांधणी इतक्या वर्षांत फारशी बदललेली नाही. आणि जे यंत्र मी स्वतः उघडून पुन्हा जोडलंय ते ऐन लावणीत बंद पडलं, तरी कुठे हात घालायचा ते मला ठाऊक असतं. तरवा, म्हणजे भाताची रोपं, तयार आहे, खाचरात पाणी उभं आहे आणि टिलर गप्प, अशा दिवशी कंपनीचा माणूस कधी येईल याची वाट बघणं काय असतं ते कोकणात शेती करणाऱ्याला सांगायला नको.

आमची जमीन कुडाळ तालुक्यात. खाली पाटाकडेला माड आणि पोफळी, मध्ये भाताची खाचरं, वर आंबा-काजूचा उतार. खाचरं एकाखाली एक, प्रत्येकाला मेर, म्हणजे बांध, काही तर अशी की मोठा ट्रॅक्टर आत गेला तर त्याला वळायलाच जागा नाही. पूर्वी जोत होतं. आता वर्षातल्या थोड्या दिवसांच्या कामासाठी बैलजोडी बारा महिने पोसणं कुणालाच परवडत नाही. टिलर चारशे किलोच्या आसपास असतो, फळी टाकून मेरेवरून खाली उतरवता येतो. मुळात हे यंत्र जपानच्या लहान भातखाचरांसाठी घडलं, म्हणूनच ते इथे इतकं चपखल बसलं. बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीने १९६७ मध्ये जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने आपल्याकडे ते आणलं, १९७३ मध्ये केरळात कामको ही टिलर बनवणारी कंपनी उभी राहिली. १२-१३ अश्वशक्तीचं, एकाच सिलिंडरचं, आडवं डिझेल इंजिन. बॅटरी नाही, सेन्सर नाही, हँडल मारलं की सुरू. खेड्यातल्या मेस्त्रीला डोळ्यांनी दिसतं, हाताला लागतं असं सगळं काम.

माझा टिलर एका गोठ्याच्या कोपऱ्यात शेणकुटांखाली पडून होता. भंगारवाल्याने सांगितलेल्या भावापेक्षा थोडे जास्त देऊन आणला. आमचे मेस्त्री आता थकलेत, पण कान शाबूत आहेत. त्यांनी मला पान्याला हातच लावू दिला नाही. म्हणाले, ‘आदी आयका, मगे खोला.’ कसाबसा सुरू केला. निळसर धूर, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाची हवा सोडणाऱ्या नळीतून, वाफ मारावी तशी हवा, आणि बंद करून हाताने फ्लायव्हील फिरवलं तर कॉम्प्रेशनला, म्हणजे आत हवा दाबली जाताना, जी अडचण जाणवायला हवी ती जवळपास नाहीच. पिस्टनवरच्या रिंगा आणि पिस्टन ज्यात सरकतो तो लायनर गेलेत हे उघडण्याआधीच कळलं. ऑईल दुधासारखं झालेलं, म्हणजे पाणी आत शिरत होतं.

लोकांना वाटतं जुनं यंत्र म्हणजे इंजिनाची दुरुस्ती. मी सुरुवात इंजिनापासून केली नाही, आणि उतारावर राहणाऱ्या कुणीही करू नये असं माझं ठाम मत आहे. आधी साइड क्लच, म्हणजे एकेका चाकाचा जोर तोडणारे खटके, आणि मागे जोडायच्या ट्रॉलीचा ब्रेक. टिलरला स्टिअरिंग नसतं. डाव्या मुठीखालचा खटका दाबला की डाव्या चाकाचा जोर सुटतो, उजवं चाक ढकलत राहतं आणि टिलर डावीकडे वळतो. हे झालं सपाटीवर. चिऱ्यांनी भरलेली ट्रॉली घेऊन उतार उतरताना इंजिन चाकांना ढकलत नसतं, धरून ठेवत असतं. तेव्हा डावा खटका दाबला की डावं चाक मोकळं होऊन पुढे पळतं आणि टिलर उजवीकडे वळतो. म्हणजे अगदी उलट. ज्याला हे ठाऊक नाही तो घाबरून तोच खटका आणखी जोरात दाबतो, आणि एका बाजूला दरड असते नाहीतर व्हाळ, म्हणजे ओढा. उतारावर खटक्यांना हात लावायचा नाही, वरच लहान गिअर टाकायचा, वेग कमी ठेवायचा आणि दोन्ही हातांनी हँडल रेटून वळवायचं. आमच्या घरात जो कोणी टिलर धरतो त्याला मी रिकाम्या ट्रॉलीने आधी हे करून दाखवतो. माझ्या टिलरच्या साइड क्लचचे दात झिजून गोल झाले होते आणि ताण आला की आपोआप सुटत होते. ते नवे घातले, स्प्रिंगा बदलल्या, ट्रॉलीच्या ब्रेकचे लायनर बदलले, आणि मगच इंजिनाकडे वळलो.

हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढलं. लायनरच्या वरच्या टोकाला, जिथे रिंग थांबते तिथे, नखाला स्पष्ट पायरी लागत होती. लायनर उपसून काढला तर खालच्या रबरी रिंगा कडक होऊन तुटलेल्या. दुधाळ ऑईलचं कारण तेच. नवा लायनर, पिस्टन आणि रिंगा कोल्हापुरातून आणल्या. क्रँकचं, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याचं, माप कुडाळ एमआयडीसीतल्या लेथवाल्याने घेतलं, तो ठीक निघाला, फक्त बेअरिंगं बदलली. नवी रिंग तशीच पिस्टनवर चढवायची नाही. ती आधी नुसती लायनरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फिलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, मोजायची. १०० मिलिमीटरच्या बोअरला (सिलिंडरच्या आतल्या व्यासाला) साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर फट हवी. कमी असली तर गरम झाल्यावर रिंग लायनरला धरते, फार असली तर सगळा खर्च पाण्यात. बसवताना रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-धुराच्या झडपा, पेस्ट लावून घासले आणि हेड उलटं ठेवून त्यांच्या घरांत रॉकेल ओतलं. थेंब पाझरला नाही तेव्हाच मेस्त्रींनी मान हलवली.

डिझेल फवारणारं नोझल आणि त्याला डिझेल देणारा पंप यांचं काम मात्र घरी करायचं नसतं. त्यात धुळीचा एक कण गेला तरी संपलं. ते डिझेल पंपाच्या कारागिराकडे दिलं, त्याने टेस्टरवर लावून फवारा दाखवला, धुक्यासारखा बारीक आणि शेवटी थेंब न टपकणारा. हेडचे नट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आवळले आणि इंजिन तापून निवल्यावर पुन्हा एकदा आवळले.

चिखलणी करणाऱ्या टिलरचा खरा शत्रू म्हणजे चिखलाचं पाणी. रोटरीच्या, म्हणजे माती घुसळणाऱ्या पात्यांच्या, शाफ्टवरचं ऑईल सील (पाणी अडवणारी रबरी कडी) गेलं की ते पाणी आत जातं, बेअरिंगं खातं, आणि महिनाभर कुणाला पत्ता लागत नाही. सीलची किंमत इंजिनाच्या खर्चापुढे काहीच नाही, तरी लोक तिथेच काटकसर करतात. मी चांगल्यातलं घातलं. रोटरीची पाती डावी-उजवी वेगळी असतात, क्रमाने लावावी लागतात. क्रम चुकला की टिलर हातात उडी मारतो आणि दिवसअखेर खांदे बोलतात. व्ही-बेल्ट सगळे एकदम बदलले. एक नवा आणि दोन जुने घातले तर सगळा ताण नव्यावरच येतो.

रंग दिला नाही. रोटरीच्या झाकणाला गंज खात होता, तेवढंच खरवडून रंगवलं. मला हा टिलर अंगणात उभा करून बघायचा नव्हता.

आता आषाढात चिखलणी होते. भात निघालं की त्याच खाचरात कुळीथ आणि चवळीसाठी हाच फिरतो. शेणखत माडांच्या आळ्यांपर्यंत जातं, नारळ खालून वर येतात, उन्हाळ्यात पट्टा टाकून त्यावरच पंप चालतो आणि पोफळींना शिपणं होतं. शेजारची माणसं हाक मारतात तेव्हा त्यांच्या खाचरातही जातो. काम संपलं की धुऊन, पात्यांना जुनं ऑईल फासून, टाकी डिझेलने भरून ठेवतो, म्हणजे पावसाळी हवेचं पाणी टाकीत धरत नाही. फ्लायव्हील फिरवून पिस्टन कॉम्प्रेशनवर आणून ठेवतो. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि दमट हवा सिलिंडरमध्ये जात नाही.

तुम्हालाही जुना घ्यायचा असेल तर बघून घ्या. इंजिन चालू असताना पाण्याच्या टाकीत बुडबुडे येतात का? येत असतील तर हेडखालचं पॅकिंग गेलंय, किंवा हेडला चीर आहे. पॅकिंग स्वस्तात होतं, चीर महागात पडते. फ्लायव्हील धरून वर-खाली हलवा, खेळ लागला तर बेअरिंगांचा खर्च धरा. गिअरबॉक्सचं ऑईल चिमटीत घेऊन बघा, लोखंडाची कच लागली तर सोडून द्या. आणि त्या मॉडेलचे सुटे भाग आज दुकानात मिळतात का, हे पैसे देण्याआधी दुकानात जाऊन विचारा. बंद पडलेल्या कंपनीचा टिलर फुकट मिळाला तरी नको.

हे सगळं बघून उघडायला बसलात, तर डिझेलचा पंप काढताना त्याच्या खालचे पत्र्याचे पातळ शिम जपा. डिझेल कोणत्या क्षणी उडतं हे त्यांच्या जाडीवर ठरतं. जेवढे निघतील तेवढे पुसून एका पुडीत बांधा आणि पुडीवर नाव घाला.