‘रन’चा खरा अर्थ कोणता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भाषांतरं करतो असं कळलं की हा प्रश्न हमखास येतो. रन म्हणजे पळणं, हे शाळेतच पाठ झालेलं. मग दर वाक्यात अर्थ का बदलतो? त्यातला खरा कोणता?

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढच्या आवृत्तीचं काम चालू असताना, २०११ मध्ये, ‘रन’ पुढे गेला. नुसतं क्रियापद धरलं तरी ६४५ अर्थ! ते निवडून लावण्यात कोशकार पीटर गिलिव्हर यांचे नऊ महिने गेले. तेव्हा एकच अर्थ माझ्याकडे मागू नका.

मी आधी कोण पळतंय ते बघतो. यंत्र, कारखाना, संस्था, संगणकातला प्रोग्राम हे सगळं इंग्रजीत पळतं, आपल्याकडे मात्र चालतं. (आपल्याला घाई नसावी.) नळ आणि नाक वाहतात, रस्ता नदीकाठाने जातो, कपड्याचा रंग सुटतो, वेळ संपते. क्रिकेटमध्ये आपणही ‘धाव’च म्हणतो, पण चेंडू टप्पा न पडता सीमेपार गेला की कुणी एक पाऊल न हलता सहा धावा मिळतात. तिथे कुणाला खरा अर्थ विचारावासा वाटत नाही.

माझी फजिती ‘रन फॉर ऑफिस’ने केली. सुरुवातीच्या दिवसांत मी बेधडक लिहिलं, ‘तो ऑफिसकडे धावला’. तपासणाऱ्या बाईंनी समासात लाल शाईने विचारलं, ‘उशीर झाला होता का?’ तो बिचारा निवडणूक लढवत होता! त्यातही अमेरिकेतला उमेदवार पळतो, ब्रिटनमधला मात्र ‘स्टँड’ करतो, म्हणजे आपल्यासारखाच उभा राहतो. कोणी म्हणेल तिघांचं काम एकच. मला विचाराल तर उभं राहणंच जास्त शोभतं.

मराठी शिकणाऱ्या एका परदेशी माणसाने मध्यंतरी हाच प्रश्न उलटा टाकला. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, लग्न लागतं आणि कोणी कोणाचा मामा लागतो. ‘यातलं खरं लागणं कोणतं?’ मी म्हटलं, सांगतो, थोडा वेळ लागेल. त्याने तेही वहीत उतरवून घेतलं.