बॅटरी नवी, तरी गाडी बंद

आम्ही मुलुंडला राहतो. ऑफिसला जाणं-येणं लोकलने, त्यामुळे गाडी निघते ती रविवारी. मधेच गुरुवारी वगैरे कुठे जायचं झालं आणि सेल्फ मारला की नुसतं टकटक. बॅटरीवाला म्हणाला, "साहेब, उभी राहून उतरते, बदलून टाका." बदलली. नवीही तशीच उतरली, तेव्हा ठरवलं की आता अंदाज बास, मोजूनच बघायचं.

लॅमिंग्टन रोडवरून 10 अँपिअरपर्यंत करंट मोजणारा मल्टिमीटर आणला. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14.2 व्होल्ट दाखवत होता, म्हणजे अल्टरनेटर चार्जिंग नीट करत होता. करंट जात होता तो गाडी बंद असताना.

निगेटिव्ह टर्मिनल सोडवून केबल आणि बॅटरीच्या मधे मीटर जोडला. ड्रायव्हरचं दार उघडंच हवं होतं, म्हणून त्याच्या लॉकची कडी स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवली. दार बंद आहे असं समजून गाडी आतला दिवा विझवते. नाहीतर आपण त्या दिव्याचाच करंट मोजत बसतो. मीटर असा लावलेला असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स शांत व्हावीत म्हणून अर्धा तास थांबलो.

आकडा 0.38 अँपिअर! साधारण 0.05 च्या आत हवा. माझी बॅटरी 35 अँपिअर-अवरची, त्यातले रोज (0.38 × 24 तास) साधारण नऊ असेच जाणार. मग रविवारी फिरवलेली गाडी गुरुवारी सुरू होईल कशी?

डॅशबोर्डखालचे फ्यूज एकेक काढत गेलो. हॉर्न, वायपर, सेंट्रल लॉकिंग... आकडा हलेना. रूम लॅम्पचा फ्यूज ओढला आणि 0.38 चे एकदम 0.03 झाले. दिवा तर विझलेलाच होता! पण स्टिरिओही त्याच फ्यूजवर होता. पॅनल काढून सेटच्या पाठीला हात लावला, तर चक्क कोमट. स्क्रीन काळी, आतून सेट चालूच.

सेट बाहेरून बसवलेला. त्याच्या पिवळ्या वायरला कायम करंट लागतो, लाल वायरला मात्र चावी फिरवल्यावरच मिळायला हवा. बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. दहा मिनिटांचं काम वाचवायला केलेल्या या प्रकाराचा मला मनापासून राग आला.

ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून लाल वायर वेगळी करून चावीच्या लाइनवर घेतली. गणपतीत आम्ही कोकणात रेल्वेने गेलो, गाडी आठवडाभर पार्किंगमध्येच होती. आल्यावर मीटर लावला, 12.5 व्होल्ट. पहिल्याच सेल्फला सुरू झाली.