वऱ्हाड दुसऱ्या वर्गात गेलं

आज दर्पण दिनाचं भित्तिपत्रक लागलं आणि माझा दिवस गेला.

दिवाळीनंतर पोरांना आवडीची तासिका बदलून दिली, तेव्हा माझ्या पुराणकथेतून सरांच्या भित्तिपत्रकाकडे बरीच गेली. त्यांचं काही नाही. तिकडं मोबाईलवर मुलाखती रेकॉर्ड करायला मिळतात, सरळ हिशेब आहे. लेखनाच्या वर्गातून कुणी हललं नाही. तिथं बाई डोळे मिटून बसायला सांगतात, शनिवारी एवढं सुख कोण सोडेल? पण ही एक पोरगी गेली ते अजून पचत नाही.

जोगाईची, म्हणजे आमच्या अंबाजोगाईच्या देवीची, गोष्ट इथल्या पोरांना पाळण्यापासून पाठ, म्हणून मी ती जरा रंगवून सांगते. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलेलं, देवी कोकणातून वऱ्हाड घेऊन निघालेली, अंबाजोगाईला मुक्काम, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले. हत्तीखाना लेण्यातले दगडी हत्ती सगळ्यांनी पाहिलेले, त्यामुळं वर्ग चिडीचूप. आणि हिचा हात वर. "बाई, मुहूर्त टळला त्यात वऱ्हाडाचं काय चुकलं ओ?"

इतकं बरं वाटलं होतं! म्हटलं, शोध की. तर शोधायला सरांकडे गेली.

निदान सांगून तरी जायचं. "बाई, मी तिकडं चालले," एवढंच. मी तोंड पाडलं नसतं. (पाडलं असतं बहुतेक.) आमचा तास शेवटचा, खोली सायकल स्टँडला लागून, पंखा आवाजापुरता. वरून विचारणा, पुराणकथेचं मूल्यमापन कसं करणार? असो. घरी यातलं काही बोलायची सोय नाही, तेही असो. पण सांगून जायला काय झालं होतं?

तर भित्तिपत्रक. मधोमध बाळशास्त्री जांभेकर, 6 जानेवारी 1832 ला 'दर्पण' वृत्तपत्र निघालं ती माहिती, खाली 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव यांची चौकट, झेंडूच्या फुलांची नक्षी. सगळं दरवर्षीचं. उजव्या कोपऱ्यात तिचं तिरकं अक्षर: 'मुहूर्त टळला, वऱ्हाड दगड. आमच्या वार्ताहराकडून.' खाली लिहिलंय, कोकणातून आलेले वऱ्हाड शेवटच्या 25 किलोमीटरवर अडकले. विलंबाबाबत नवरदेवाकडील मंडळींशी संपर्क होऊ शकला नाही. दगड झालेल्यांची नावे समजली नाहीत. 'वऱ्हाडींचा काहीही दोष नव्हता, असे विश्वसनीय सूत्रांनी सांगितले.'

मी कधी सांगितलं असं? मी नुसतं शोध म्हणाले होते. तिथंच उभी राहून हसायला लागले, शिपाईमामा बघायला लागले. आजवर शाळेत मला कुणी विश्वसनीय म्हटलं नव्हतं, तेही अनेकवचनात.

राग गेला असं नाही. संध्याकाळी पोळ्या लाटताना परत तेच, सांगून जायचं होतं. पण बातमी चांगली आहे. माझ्या वर्गात राहिली असती तर तिनं गोष्टच लिहिली असती, आणि नवरीच्या रुसव्यावर दोन पानं.

येत्या शनिवारी उरलेल्यांना संतकवी दासोपंतांची पासोडी सांगायची आहे. गावातलाच माणूस, एवढ्या मोठ्या कापडावर ओव्या लिहून ठेवतो. ते भित्तिपत्रकवाल्यांच्याही कामाचं आहे. सरांना सहज विचारते, दोन्ही वर्ग एकत्र बसवू का. माझ्याच खोलीत. मोबाईल आणले तरी चालतील. फक्त पुढच्या वेळी छापायच्या आधी सूत्रांना विचारा म्हणावं.