एकाच रविवारचे दोन नेमो

पुण्यात बसून आम्ही परदेशी प्रकाशकांची जुनी छापील पानं साफ करतो. स्कॅन येतो, त्यातले डाग, घड्या, बाइंडिंगची सावली काढायची, शाईत जीव आणायचा आणि फाइल परत पाठवायची. लोकांना वाटतं, फोटोशॉपची बटणं दाबायचं काम. आमच्याकडच्या नव्या मुलांनाही तसंच वाटतं, ते जाऊ दे.

गेल्या महिन्यात जे पान आलं ते विन्झर मॅके या अमेरिकन चित्रकथाकाराचं. ‘लिटल नेमो इन स्लंबरलँड’, न्यूयॉर्क हेरल्ड, रविवार, 26 जुलै 1908. चित्रकथांच्या नादी लागलेल्यांना हे पान सांगावं लागत नाही. नेमो हा स्वप्नं बघणारा पोरगा. स्वप्नात त्याच्या पलंगाला चालण्याची हुक्की येते, पलंगाचे पाय वाढत जातात आणि तो इमारतींवरून ढांगा टाकत शहरभर सुटतो. पाय वाढतात तशा चौकटीही उंच होतात. आज यात कुणाला विशेष वाटणार नाही, पण त्या काळी बहुतेक चित्रपट्ट्यांच्या चौकटी एका मापाच्या, एका रांगेत असत. गोष्टीच्या गरजेप्रमाणे पानाचा सांगाडाच ताणायचा, हे मॅकेंनी वर्तमानपत्रात करून दाखवलं. शेवटी नेहमीप्रमाणे उजव्या कोपऱ्यातल्या बारक्या चौकटीत पोरगं जागं होतं.

पान साधारण 16 इंच रुंद आणि 21 इंच उंच. मॉनिटरवर ते कधीच अख्खं दिसत नाही. दिसतं ते लहान होऊन, म्हणजे दिसत नाहीच.

आता खरी डोकेदुखी. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन हा लाकडातला घटक, त्यामुळे तो पिवळा-तपकिरी पडतो. स्कॅनचे लाल, हिरवा, निळा असे तीन रंगथर, म्हणजे चॅनेल, वेगळे करून बघितले की लाल चॅनेलमध्ये हा पिवळेपणा जवळजवळ नाहीसा होतो आणि मॅकेंची काळी रेषा कालच काढल्यासारखी वर येते. ही रेषा बघायला मी चहा सोडून बसते. बाहेरची रेघ जाड, आतल्या रेघा बारीक, आणि इमारती कितीही मोठ्या झाल्या तरी यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) तसूभर ढळत नाही. सिनसिनाटीत तमाशाघरांची पोस्टरं रंगवून तयार झालेला हात होता तो. निळ्या चॅनेलमध्ये मात्र सगळा घोळ. छापलेली पिवळी शाईही तिथेच काळी दिसते आणि कागदाचं म्हातारपणही तिथेच. चांदणं कुठलं आणि कुजणं कुठलं, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. आमच्या मुलाने एका ‘स्मार्ट’ टूलमधून पान काढलं तर त्याने आकाशातले ठिपके धूळ समजून पुसले आणि नेमोच्या गालाला मेणाच्या बाहुलीची तकाकी आणली. मुलगा खूश. मी नाही.

ते ठिपके कुणीतरी हाताने लावलेले आहेत. मॅके काळ्या शाईत चित्र काढायचे आणि रंगांच्या सूचना द्यायचे. पुढचं काम छपाईचे ठसे, म्हणजे ब्लॉक, करणाऱ्यांचं. उंच ठिपक्यांची पातळ फिल्म शाई लावून जस्ताच्या पत्र्यावर दाबायची, जिथे रंग नको तिथे आधी डिंकाचा थर द्यायचा, मग हे सगळं लाल, निळ्या, पिवळ्यासाठी वेगवेगळं. बेन डे पद्धत म्हणतात ती. एका आठवड्याच्या पानासाठी एवढी मेहनत, आणि सोमवारी त्यात मासळी बांधायची. पानावर नाव फक्त मॅकेंचं. मी ठिपके पुसत नाही त्याचं एक कारण हेही आहे.

प्रकाशकाने एका पानाचे दोन स्कॅन पाठवले होते, दोन वेगळ्या संग्रहांतले. हे भाग्य सहसा मिळत नाही. अमेरिकेतल्या कितीतरी ग्रंथालयांनी वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म काढली आणि मूळ खंड मोडीत दिले. फिल्म कृष्णधवल, तिच्यावर रविवारचं रंगीत पान म्हणजे नुसता चिखल. बिल ब्लॅकबियर्ड नावाच्या माणसाने सॅन फ्रान्सिस्कोत आपल्या घरात हे टाकलेले खंड गोळा केले म्हणून आज बरंच काही बघायला मिळतं. तो साठा 1998 मध्ये ट्रक भरभरून ओहायो स्टेट विद्यापीठात गेला. जपणं ज्यांचा धंदा त्यांनी फेकलं, आणि एका हौशी माणसाने उचललं. यावर मला आणखी बोलायचं नाही.

दोन्ही स्कॅन एकावर एक ठेवले आणि थांबले. एका प्रतीत लाल रंग उजवीकडे सरकलेला, त्यामुळे चेहऱ्याला एका बाजूने लालसर कड. दुसरीत लाल चोख बसलेला, पण निळा फिका आणि आकाश अर्धं उपाशी. तारीख तीच, पेपर तोच.

आमच्याकडे तपासणीला एक काका येतात. एका दैनिकाच्या छपाईत मशीनवर आयुष्य गेलं, आता निवृत्त. त्यांना दोन्हींचे प्रिंट दिले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि आधी भलतंच विचारलं, “हे फुगे कुणी भरलेत गं? घाईत पोराने लिहिल्यासारखं आहे.” खरंच आहे ते. एवढा काटेकोर चित्रकार, पण बोलण्याच्या फुग्यांत अक्षरं कोंबलेली, शेवटचे शब्द कडेला चेंगरलेले. मग मुद्द्यावर आले. “रजिस्टर सुटलंय, रंग एकमेकांवर नीट बसलेले नाहीत. मशीन सुरू करताना बसेपर्यंत असे कागद निघतातच. शाईचंही तसंच.”

“मग बरोबर कुठलं, काका?”

“दोन्ही विकले गेले ना? मग दोन्ही बरोबर.”

प्रकाशकाला हे कळवलं. उत्तर आलं की दोन्हींतलं चांगलं घ्या, एक परिपूर्ण पान करा, आणि कागद पांढरा ठेवा. मी लिहिलं, मूळ चित्राशी ताडून बघता येईल का? त्यावर विचारणा, मूळ म्हणजे नक्की काय? प्रश्न वाटतो तेवढा बावळट नाही. शाईचं चित्र मिळालं तरी त्यात रंग नाहीत. मॅकेंनी हे पान चित्र म्हणून विकलं नव्हतं, ते छापून लोकांच्या घरी जायचं होतं. रंगीत नेमो पहिल्यांदा अस्तित्वात आला तो यंत्रावर, हजारो वेळा, प्रत्येक वेळी किंचित वेगळा.

शेवटी मी एका प्रतीतला लाल, दुसरीतला निळा घेऊन पान जुळवलं. ठिपके ठेवले, कागदाला सायीसारखी हलकी पिवळी झाक ठेवली, त्यावर भांडले आणि तेवढं मानलं गेलं. पान देखणं झालंय, यात शंका नाही. फक्त असं पान 1908 च्या त्या सकाळी न्यूयॉर्कमध्ये एकाही घरी पडलेलं नव्हतं. ‘दोन प्रतींवरून जुळवलेले’ एवढे शब्द पुस्तकात छापा म्हणून कळवलं होतं. जागा नाही म्हणाले.

मॅके स्वतः काय म्हणाले असते, असं घरी विचारतात. हा माणूस 1911 मध्ये नेमो हलता करायला सुमारे 4,000 चित्रं काढणारा, 1914 मध्ये रंगमंचावर उभं राहून पडद्यावरच्या गर्टी या डायनोसॉरला हुकूम सोडणारा. त्यांना अशी बनवाबनवी आवडलीही असती. 1911 मध्येच ते वृत्तपत्रमालक हर्स्टच्या पेपरात गेले. पुढे मालकाने त्यांना अग्रलेखांची व्यंगचित्रं काढायला बसवलं, दुसऱ्याच्या मतांना चित्रं जोडायला. 1934 मध्ये मॅके वारले, तारीख 26 जुलै. हे कॅटलॉगमध्ये दिसलं तेव्हा पलंगाच्या पानाची तारीख मी पुन्हा तपासली. तीच.

काल प्रकाशकाची मेल आली. नमुना फार आवडला, जिथे दोन प्रती मिळतील तिथे उरलेली पानंही अशीच जुळवून हवीत. सरांनी मला दर विचारला. मी आधीच्या दुप्पट सांगितला, आणि श्रेयाच्या ओळीसाठी अर्धा इंच जागा अटीत घातली. सर म्हणाले, अट काढ, दर राहू दे. कोटेशन अजून माझ्याच ड्राफ्टमध्ये पडलंय, अटीसकट.