तुम्ही विचारलंत म्हणून: ओळखीचं का गात नाही?

ऑफिसात, लग्नात, चाळीच्या जिन्यात, सगळीकडे एकच. "आवाज चांगलाय गं तुझा, मग लोकांना माहीत असलेलं एखादं का नाही गात?" गिटार घेऊन स्वतः लिहिलेलं, स्वतःच चाल लावलेलं गायचं म्हणजे पोरीला शिष्टपणा आलाय, हा त्यामागचा सूर. मी "बघू" म्हणून सटकते. आता एकदाच सांगते.

सात वर्षांपूर्वी लालबागला आमच्या मंडळात मला पहिल्यांदा स्टेज मिळालं. त्याआधी अंधेरी-वांद्र्याच्या कॅफेंमध्ये ओपन माइक केले होते. तिथे समोर बसलेले म्हणजे आपला नंबर कधी येतो याची वाट बघणारे बाकीचे गाणारेच. मंडपातलं वेगळं. बाबा तिथले जुने कार्यकर्ते, पावतीपुस्तक घेऊन जिने चढणारे.

वेळ सव्वानऊची दिली होती. लकी ड्रॉ लांबला, मी चढले तेव्हा साडेनऊ वाजून गेलेले आणि दहाला स्पीकर बंद करायचा होता. साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स, म्हणजे गिटार आणि मिक्सरच्या मधे लावायची डबी, नव्हता. त्याने गिटारची केबल तशीच मिक्सरला खुपसली आणि मंडपभर घूंऽऽ सुरू झालं. "ताई, जरा लांबून वाजवा," म्हणाला. गिटार लांबून कशी वाजवतात, मला अजून कळलेलं नाही.

पहिलं गाणं करी रोडच्या पुलावरचं. दुसऱ्याच्या पहिल्या कडव्यालाच मागच्या खुर्च्या सरकायला लागल्या. ते संपतंय तोवर सेक्रेटरीकाकांची चिठ्ठी आली, वर्गणीच्या पावतीमागे लिहिलेली: "एखादे ओळखीचे घेणे." घेणे! जसं काही वाण्याकडून आणायचं होतं.

इथपर्यंतची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. पुढे सांगते की चिठ्ठी खिशात घातली, तिसरंही माझंच गायले आणि उतरले. ते खोटं आहे. मी कोळीगीत गायले. मुखडा आणि एकच कडवं पाठ होतं, तेवढंच तीनदा फिरवलं. पहिल्याच ओळीला बायका उठल्या, पोरं स्टेजपुढे नाचायला आली, घूं कुठे गेली कळलंही नाही. बाबा प्रसादाच्या टेबलापाशी उभे होते. हातातला डबा खाली ठेवून टाळ्या वाजवत होते. घरी जाताना म्हणाले, "आज आवाज लागला हं."

आवाज तोच होता हो बाबा. वीस मिनिटांत आवाज बदलत नाही.

आणि खरं सांगायचं तर मलाही मजा आली होती. ते मी स्वतःलाही बरीच वर्षं सांगितलं नव्हतं.

तेव्हा माझ्याकडे एक हुकमी मुद्दा असायचा: १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर या शाहिरांनी लाल बावटा कलापथक काढलं. तेही नवीकोरी गाणी घेऊन कामगारवस्त्यांत उभे राहायचे आणि माणसं ऐकायची. मग मलाच का चिठ्ठी? आता वाटतं, त्यांची गाणी नवी असली तरी त्यातला संप, त्यातली उपासमार ऐकणाऱ्याच्या घरातली होती. माझ्या गाण्यात काय, तर पुलावर एकटी उभी असलेली मी. पण मग तो पूल काय माझ्या एकटीचा आहे? रोज चेंगरतात की सगळे त्यावर. बघा, अजून भांडतेच आहे.

पैशांचंही विचारता, म्हणून तेही. स्पॉटिफायवर २०२४ पासून बारा महिन्यांत किमान १००० वेळा वाजल्याशिवाय गाण्याला पैसे लागू होत नाहीत. माझ्या चार गाण्यांपैकी एकाने ती रेघ ओलांडली. त्यातले शंभरेक वेळा तर मीच लोकलमध्ये लावलं असेल.

ओळखीची गाणी वाईट असतात असं मी कधी म्हटलेलं नाही. (म्हटलंय. एका काकूंना, त्यांच्याच मुलाच्या हळदीत. माफ करा काकू.) भीती एवढीच, की ती टाळी एकदा हाताशी आली की घरी बसून नवीन ओळ जुळवायचा कंटाळा येईल. त्या गणपतीनंतर चार महिने मी एकही गाणं लिहिलं नव्हतं. कारण तेच होतं की ऑफिसचं काम, नक्की सांगता येत नाही.

परवा सेक्रेटरीकाकांचा फोन आला. यंदा अर्धा तास देतो म्हणाले, डीआय बॉक्सही आणायला सांगतो. "दोन तुझी गा, बाकी आपली." बाबा शेजारीच पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं नाही.

रविवारी कळवते म्हटलंय.